चोचींचा इतिहास : ठिकाण, ऋतू आणि शेजारी

उत्क्रांतीचा पाठ शिकवून झाला की परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो : 'गॅलापॅगोस बेटांवरील फिंच पक्ष्यांच्या चोची वेगवेगळ्या का आहेत?' त्याचे उत्तरही हमखास ठरलेले असते : 'त्या पक्ष्यांना निरनिराळे अन्न खाण्याची गरज होती, म्हणून त्यांच्या चोची तशा बदलल्या.' शिक्षकांच्या मेळाव्यांत आम्ही हे उत्तर अनेकदा ऐकले आहे. खरे सांगायचे तर, शाळेत असताना आम्हीही हेच लिहून पूर्ण गुण मिळवले होते.

उत्तर वरवर पाहता बरोबर वाटते. अन्नाचा आणि चोचीचा संबंध आहे, हेही खरे. गोची आहे ती त्यातल्या 'म्हणून' या शब्दात. गरज पडली म्हणून कोणत्याही पक्ष्याची चोच कधी बदलत नाही. मग चोची बदलतात कशा? या प्रश्नाचे प्रत्यक्ष मोजून दिलेले उत्तर मिळायला डार्विनच्या भेटीनंतर जवळजवळ दीडशे वर्षे लागली. एवढा वेळ का लागला, हे समजून घेतले तर ते उत्तर वर्गात सांगणेही सोपे जाते. म्हणून या लेखात आपण चोचींचा नव्हे, तर चोचींविषयीच्या आपल्या समजुतीचा इतिहास पाहू.

डार्विनजवळ काय नव्हते?

गॅलापॅगोस बेटे दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या पश्चिमेला, सुमारे हजार किलोमीटरवर, प्रशांत महासागरात विषुववृत्तावर आहेत. ती ज्वालामुखींच्या उद्रेकातून समुद्रतळापासून वर आली. मुख्य भूमीला ती कधीच जोडलेली नव्हती. तेव्हा तेथील मूळचे प्राणी आणि वनस्पती उडत, तरंगत किंवा वाऱ्यावर येऊनच तेथे पोहोचले असणार.

'बीगल' हे जहाज या बेटांपाशी पोहोचले ते सप्टेंबर १८३५ मध्ये. जहाजावरचा तरुण निसर्ग-अभ्यासक चार्ल्स डार्विन तेव्हा २६ वर्षांचा होता. बीगलचा मुक्काम सुमारे पाच आठवडे होता आणि त्या काळात डार्विन चार बेटांवर उतरला. तेथील उपराज्यपाल लॉसन याने त्याला सांगितले, की कासव दाखवा, ते कोणत्या बेटावरचे ते मी सांगतो. ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, हे डार्विनच्या त्या वेळी ध्यानात आले नाही.

आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि गोष्टींच्या पुस्तकांत प्रसंग असा रंगवलेला असतो : डार्विनने चोची पाहिल्या आणि त्याला उत्क्रांतीची कल्पना सुचली. प्रत्यक्षात तसे घडले नाही. त्या पक्ष्यांच्या चोची एकमेकींपासून इतक्या वेगळ्या होत्या, की हे सगळे जवळचे नातलग असतील असे त्याला वाटलेच नाही. काहींना त्याने जाड चोचीच्या दुसऱ्याच पक्ष्यांत घातले, तर एकाला रेन नावाच्या चिमुकल्या पक्ष्याचा प्रकार मानले. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे, बहुतेक फिंच पक्ष्यांच्या नमुन्यांवर ते कोणत्या बेटावर मिळाले हे त्याने लिहून ठेवले नाही. मॉकिंगबर्ड या दुसऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत मात्र त्याने बेटांची नोंद केली होती, आणि बेटाबेटांवरचा फरक त्याला प्रथम जाणवला तो त्यांच्यातच.

इंग्लंडला परतल्यावर डार्विनने हे नमुने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेकडे दिले. जानेवारी १८३७ मध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड याने ते तपासले आणि सांगितले, की हे सारे वरून भिन्न दिसणारे पक्षी एकाच आगळ्या गटातले आहेत; त्यांच्या जाती वेगवेगळ्या आहेत, पण त्या एकमेकींच्या अगदी जवळच्या आहेत. आता डार्विन जागा झाला! कोणती जाती कोणत्या बेटावरची? पण त्याच्या नमुन्यांना चिठ्ठ्याच नव्हत्या. जहाजाचा कप्तान फिट्झरॉय आणि डार्विनचा मदतनीस कव्हिंग्टन यांनीही काही पक्षी जमवले होते आणि त्यांवर बेटांची नावे होती. त्यांच्या नोंदी मागून घेऊन डार्विनने आपली जुळवाजुळव केली.

प्रवासवृत्ताच्या १८४५ च्या आवृत्तीत त्याने एवढे सुचवले, की एकाच मूळ जातीपासून हे सर्व प्रकार निर्माण झाले असावेत असे वाटते. परंतु १८५९ साली 'जातींचा उगम' हा ग्रंथ आला, त्यात गॅलापॅगोसच्या पक्ष्यांचा सर्वसाधारण उल्लेख असला तरी या चोचींचे उदाहरण त्याने वापरलेले नाही. ज्या पुराव्याला ठिकाणाची चिठ्ठी नाही, त्यावर भिस्त ठेवण्याइतका तो बेफिकीर नव्हता. विज्ञानाचे इतिहासकार फ्रँक सुलोवे यांनी डार्विनच्या नोंदी आणि संग्रहालयातील नमुन्यांच्या चिठ्ठ्या तपासून १९८२ साली ही सारी हकिकत उजेडात आणली. 'डार्विनचे फिंच' हे नाव तर विसाव्या शतकात, १९३० च्या दशकात पडले. त्यात आणखी एक गंमत अशी, की हे पक्षी खरे फिंच नव्हेतच. अमेरिका खंडातील टॅनेजर पक्ष्यांच्या कुळातले ते आहेत.

एक शाळामास्तर बेटांवर जातो

या कथेतील पुढचे पात्र शिक्षकवाचकांना विशेष जवळचे वाटेल. इंग्लंडमधील डार्टिंग्टन हॉल या शाळेत डेव्हिड लॅक नावाचे तरुण जीवशास्त्र शिकवत असत. पक्षिनिरीक्षणाचा त्यांना नाद होता. शाळेतून रजा घेऊन ते १९३८ च्या अखेरीस गॅलापॅगोसला गेले आणि तेथे सुमारे चार महिने राहिले. परतताना सॅन फ्रान्सिस्कोला थांबून त्यांनी तेथील विज्ञान अकादमीच्या संग्रहातील फिंच पक्ष्यांच्या चोची आणि पंख मोजले. हा संग्रह १९०५-०६ च्या मोहिमेत जमवलेला होता आणि त्यातील प्रत्येक पक्ष्यावर बेटाची चिठ्ठी होती. डार्विनजवळ जे नव्हते, ते लॅक यांच्याजवळ हजारोंच्या संख्येने होते.

एवढे असूनही त्यांचा पहिला निष्कर्ष अन्नाच्या विरुद्ध गेला. बेटांवर त्यांनी पाहिले, तेव्हा निरनिराळ्या चोचींचे पक्षी बरेचसे सारखेच अन्न खात होते. जोडी जुळवताना मात्र ते एकमेकांच्या चोचीकडे पाहत. तेव्हा चोच हे आपल्या जातीची ओळख पटवणारे चिन्ह आहे, अन्नाशी त्याचा फारसा संबंध नाही, असे त्यांनी आपल्या प्रबंधात लिहिले. प्रबंध १९४० साली तयार झाला. युद्धामुळे तो छापून यायला १९४५ साल उजाडले.

पण मधल्या काळात लॅक यांचे मत पालटले होते! रशियन शास्त्रज्ञ गाउझ यांनी १९३४ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले होते. पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकाच नळीत, एकाच अन्नावर वाढवल्या, तर काही दिवसांनी एकच शिल्लक राहते, असे त्यांत दिसले होते. दोन जातींची राहणी अगदी सारखी असेल तर त्या फार काळ एकत्र नांदू शकत नाहीत. हे सूत्र मनात ठेवून लॅक यांनी आपलीच जुनी कोष्टके पुन्हा पाहिली.

आता त्या आकड्यांतून वेगळेच चित्र दिसू लागले. जमिनीवर दाणे टिपणाऱ्या फिंचमध्ये एक छोटा आणि एक मध्यम अशा दोन जाती आहेत. त्यांना आपण छोटा भूफिंच आणि मध्यम भूफिंच म्हणू. ज्या मोठ्या बेटांवर दोघेही राहतात, तेथे एकाची चोच बारीक आणि दुसऱ्याची जाड असते. डॅफ्ने या चिमुकल्या बेटावर मध्यम भूफिंच जवळजवळ एकटा आहे. तेथे त्याची चोच इतर बेटांवरच्या मानाने बारीक आहे. लॉस एर्मानोस या खडकांवर छोटा भूफिंच एकटा आहे. तेथे त्याची चोच नेहमीपेक्षा जाड आहे. म्हणजे शेजारी नसेल तेव्हा दोघांच्या चोची मधल्या मापाकडे येतात आणि शेजारी असेल तेव्हा एकमेकींपासून दूर जातात. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या 'डार्विन्स फिंचेस' या पुस्तकात लॅक यांनी आपले आधीचे मत सोडून दिले आणि चोचींचा संबंध अन्नाशी व स्पर्धेशी जोडला. आकडे तेच होते, प्रश्न बदलला होता.

सर्वांनाच हे पटले असे नाही. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट बोमन यांनी १९६१ साली आक्षेप घेतला, की प्रत्येक बेटावरची झाडेझुडपे वेगळी, म्हणून दाणे वेगळे आणि म्हणून चोची वेगळ्या. शेजाऱ्याशी स्पर्धा मध्ये आणायची गरजच काय? आक्षेप रास्त होता. संग्रहालयातील मेलेले पक्षी निकाल सांगतात, खेळ कसा झाला ते सांगत नाहीत. शिवाय लॅक यांची एक अडचण राहूनच गेली होती. त्यांनी पक्षी पाहिले ते मुख्यतः पावसाळ्यात, विणीच्या हंगामात. तेव्हा किडे, अळ्या, कोवळे दाणे यांची रेलचेल असते. लग्नाच्या पंगतीत बसलेल्यांकडे पाहून कोणाच्या घरी काय शिजते हे कसे कळणार? त्यासाठी कोरड्या हंगामाच्या टंचाईत जायला हवे होते.

१९७७ चा दुष्काळ

पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ साली डॅफ्ने बेटावर काम सुरू केले आणि ते चाळीस वर्षे, २०१२ पर्यंत चालू ठेवले. बेट केवळ ३४ हेक्टरांचे. गोडे पाणी नाही, सावली नाही, कायम मनुष्यवस्ती नाही. गैरसोयीचे, पण अभ्यासाला सोयीचे. कारण येथे जवळजवळ प्रत्येक पक्ष्याला ओळखता येते. पक्षी पकडायचा, चोच आणि पंख मोजायचे, पायात रंगीत कडी घालायची आणि सोडून द्यायचा. पुढे तो काय खातो, कोणाशी जोडी जमवतो, पिले किती, जगतो की मरतो, याची नोंद वर्षानुवर्षे ठेवायची. दाण्यांचीही मोजदाद होई. कोणता दाणा फोडायला किती जोर लागतो, हे मोजायचे उपकरणसुद्धा त्यांनी वापरले.

या दाण्यांपैकी एक आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे माळरानावर अनवाणी चालताना पायात रुततो तो सराटा, म्हणजेच गोखरू. त्याचाच सख्खा भाऊ शोभेल अशी एक जाती डॅफ्नेवर वाढते. तिचे काटेरी, टणक फळ फोडून आतले बी काढणे हे येऱ्यागबाळ्याचे काम नाही.

१९७६ साली डॅफ्नेवर १२७ मिलिमीटर पाऊस झाला होता. १९७७ च्या पावसाळ्यात पडला फक्त २४ मिलिमीटर. झाडांना नवे दाणे आले नाहीत. पक्ष्यांनी आधी बारीक, मऊ दाणे संपवले. मग उरले मोठे आणि टणक दाणे, त्यांत सराट्याची फळे. त्या वर्षी मध्यम भूफिंचांची वीण झाली नाही आणि त्यांची संख्या सुमारे ८५ टक्क्यांनी घटली. कोण मेले आणि कोण वाचले? ग्रँट यांचे विद्यार्थी पीटर बोग आणि ग्रँट यांनी आकडे मांडले, तेव्हा दिसले की वाचलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी दुष्काळाआधीच्या सरासरीपेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने जास्त होती. अर्धा मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीएवढा फरक. पण सराटा फुटतो की नाही, हे तेवढ्यावर ठरत होते.

आता आपल्या 'म्हणून' कडे वळू. या दुष्काळात एकाही पक्ष्याची चोच वाढली नाही. प्रत्येक पक्षी ज्या चोचीने दुष्काळात शिरला, त्याच चोचीने जगला किंवा मेला. गरज सर्वांनाच होती. ज्यांची चोच बारीक होती त्यांची गरज तर सर्वांत मोठी होती, आणि मेले ते तेच. बदलली ती वाचलेल्यांची सरासरी. चोचीची जाडी मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असल्याने १९७८ साली जन्मलेल्या पिलांच्या चोचीही आधीच्या पिढीपेक्षा सरासरीने मोठ्या निघाल्या. आधी फरक असणे, मग परिस्थितीने त्यांतून निवड करणे आणि मग तो फरक पुढच्या पिढीत उतरणे : नैसर्गिक निवडीच्या या तीनही पायऱ्या दोन वर्षांत, डोळ्यांदेखत मोजल्या गेल्या.

१९८२-८३ साली एल निनोमुळे उलटा प्रकार झाला. एका हंगामात तेराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. वेलींनी बेट झाकून टाकले, बारीक दाण्यांचा सुकाळ झाला आणि सराटा मागे पडला. पुढच्या कोरड्या काळात बारीक चोचीच्या पक्ष्यांची सरशी झाली. 'चांगली चोच' अशी काही कायमची वस्तू नसते. कोणत्या वर्षी, कोणत्या दाण्यांसाठी, हे विचारावे लागते.

तसाच दुष्काळ, उलटा निकाल

त्याच सुमारास, १९८२ साली, मोठा भूफिंच या तिसऱ्या जातीच्या पाच पक्ष्यांनी डॅफ्नेवर बिऱ्हाड थाटले. वीस वर्षांत त्यांची संख्या चांगलीच वाढली. हा पक्षी मध्यम भूफिंचापेक्षा बराच थोराड आहे आणि सराटा फोडण्यात अधिक तरबेज.

२००३ आणि २००४ साली पुन्हा अवर्षण झाले. १९७७ चा अनुभव पाहता जाड चोचीचे मध्यम भूफिंच वाचतील, असे कोणीही म्हणाले असते. झाले नेमके उलटे. सराट्याची फळे मोठ्या भूफिंचांनी फस्त केली. त्यांच्याशी बरोबरी करू पाहणारे जाड चोचीचे मध्यम भूफिंच उपाशी मेले. पुढे अन्न पुरेनासे झाले तेव्हा मोठे भूफिंचही बहुसंख्येने मेले. वाचले ते बारीक चोचीचे मध्यम भूफिंच, कारण ते शेजाऱ्याच्या वाट्याला न जाता बारीक दाण्यांवर भागवत होते. ग्रँट दांपत्याच्या तोवरच्या ३३ वर्षांच्या नोंदींत एवढी तीव्र निवड कधी दिसली नव्हती.

बेट तेच, कोरडे वर्ष तसेच. फरक होता तो शेजाऱ्याचा. लॅक यांनी १९४७ साली मेलेल्या पक्ष्यांच्या मापांवरून बांधलेला अंदाज जिवंत पक्ष्यांमध्ये खरा ठरलेला दिसला. लॅक मात्र ते पाहायला नव्हते. १९७३ साली, म्हणजे ग्रँट यांचे काम सुरू झाले त्याच वर्षी, त्यांचे निधन झाले होते.

पुढे स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील लीफ अँडरसन यांच्या गटाने ग्रँट दांपत्यासोबत या पक्ष्यांच्या जनुकांचा अभ्यास केला. २०१५ साली चोचीच्या आकाराशी संबंधित एक जनुक-भाग त्यांनी दाखवला आणि २०१६ साली चोचीच्या लहानमोठेपणाशी संबंधित दुसरा. या दुसऱ्या जनुकाचे 'मोठ्या चोचीचे' रूप बाळगणारे मध्यम भूफिंच २००४-०५ मध्ये अधिक प्रमाणात मेले होते. म्हणजे दुष्काळ आला तेव्हा दोन्ही रूपे बेटावर आधीपासूनच हजर होती. दुष्काळाने ती घडवली नाहीत, निवडली.

अनुकूलनापासून नव्या जातीपर्यंत

येथे चौकस विद्यार्थी विचारील, की चोच कधी जाड, कधी बारीक अशी मागेपुढे होत राहिली तर नव्या जाती कशा झाल्या? आज या पक्ष्यांच्या सुमारे अठरा जाती मानल्या जातात. कोणी दाणे फोडतो, कोणी निवडुंगाची फुले-फळे खातो, कोणी काटकी किंवा काटा चोचीत धरून लाकडातली अळी टोकरून काढतो, तर एक समुद्रपक्ष्यांना टोचून त्यांचे रक्त पितो!

उत्तर 'बेटे' या शब्दात आहे. एका बेटावर निवड मागेपुढे हेलकावते, परंतु दुसऱ्या बेटावर दाणे वेगळे, पाऊस वेगळा, शेजारी वेगळे. मधल्या समुद्रामुळे दोन्हींकडच्या पक्ष्यांची मिसळ क्वचितच होते. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की फरक साठत जातो. पुढे कधी त्यांची गाठ पडलीच, तर गाणे आणि चोच पाहून ते आपापली जोडी निवडतात. नर आपले गाणे लहानपणी बापाकडून शिकतो, त्यामुळे घराण्याचे गाणे चालू राहते.

डॅफ्नेवर याचीही चुणूक पाहायला मिळाली. १९८१ साली शंभर किलोमीटरहून दूरच्या एस्पान्योला बेटावरून एक दांडगा नर येथे आला. त्याचे गाणे निराळे होते. त्याने स्थानिक मादीशी जोडी जमवली. पुढच्या एका दुष्काळात त्याच्या वंशातले एक भाऊ आणि एक बहीण एवढेच उरले. त्यांच्यापासून पुढे वाढलेल्या पक्ष्यांनी मात्र आपसांतच जोड्या केल्या. याला नवी जाती म्हणायचे की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण परिस्थिती आणि वेगळेपण एकत्र आले की फाटा कसा फुटतो, हे त्यातून दिसते.

वर्गात काय करता येईल?

एका ताटात राजगिरा, मूग आणि चिंचोके मिसळून ठेवा. काही मुलांना बारीक चिमटे द्या, काहींना स्वयंपाकघरातल्या सांडश्या. प्रत्येकाने एका मिनिटात किती दाणे उचलले ते मोजा. मग राजगिरा आणि मूग काढून घ्या आणि पुन्हा मोजा. हा झाला १९७७ चा दुष्काळ. आता राजगिरा थोडा परत टाका आणि मूठभर चिंचोके तोंडाशी धरलेल्या ओंजळीने लुटणारा एक 'मोठा शेजारी' पंगतीला बसवा. सांडशीवाल्यांचे काय होते ते मुलांनाच पाहू द्या. कोणाचीही सांडशी खेळाच्या मध्येच चिमटा होत नाही, हेही त्यांच्या लक्षात आणून द्या.

आणि एक सवय जरूर लावा. सहलीत जमवलेले पान असो, पीस असो वा शिंपला, त्याला चिठ्ठी हवीच : कोठे मिळाले, कोणत्या महिन्यात मिळाले आणि आसपास काय होते. यातली पहिली नोंद डार्विनजवळ नव्हती. दुसरीने लॅक यांना चकवले. तिसरीचे मोल कळायला २००४ चा दुष्काळ यावा लागला. आपल्या मुलांनी तिन्ही नोंदी पहिल्याच दिवसापासून लिहायला हरकत नाही.